भूतदयेची खरी कसोटी

भुकेल्या प्राण्यास घांसभर अन्न द्यावें, ही शिकवण आपणांस लहानपणापासून मिळते, आणि ती उत्तमच आहे. परंतु विचारावांचून केलेल्या दयेपासून घात कसा होतो, हें ऑस्ट्रेलियांतील कॅसोवरी पक्ष्याच्या उदाहरणावरून चांगलें समजून येईल.

हा पक्षी न्यू गिनीच्या सखल अरण्यांत व ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड राज्याच्या ईशान्य भागांतील पर्जन्यवनांत राहतो. शहामृगाप्रमाणें त्यास उडतां येत नाहीं. उंची जवळजवळ माणसाएवढी, पिसें काळीं, मान निळी, मस्तकावर शिरस्त्राणासारखा उंचवटा आणि पायाच्या आंतल्या बोटास खंजिरासारखें नख, असें त्याचें उग्र रूप आहे. तथापि मादीनें घातलेलीं अंडीं नरच सुमारें ५० दिवस उबवितो व पुढें सुमारें नऊ महिने पिलांचा सांभाळ करितो.

वनावर या पक्ष्याचे उपकार थोर आहेत. झाडांखालीं पडलेलीं फळें तो सबंध गिळतो व त्यांच्या बिया विष्ठेबरोबर दूरवर टाकतो. दोनशेंहून अधिक जातींच्या वनस्पतींची पेरणी अशा रीतीनें त्याच्याकडून होते. रायपॅरोसा नांवाच्या एका दुर्मिळ झाडाच्या बिया शास्त्रज्ञांनीं पेरून पाहिल्या, तेव्हां साध्या बिया शेंकडा ४ रुजल्या, तर या पक्ष्याच्या पोटांतून गेलेल्या शेंकडा ९२ रुजल्या! असा माळी नाहींसा झाला, तर बाग किती दिवस टिकेल?

परंतु २०१४ सालच्या अंदाजाप्रमाणें ऑस्ट्रेलियांत हे पक्षी अवघे ४,४०० च्या सुमारास होते. ऊस, केळीं व वसाहती यांसाठीं सखल वनें तोडलीं गेलीं. तेथील वनांस १९८८ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला, तरी अनेक ठिकाणीं रस्त्यांनीं त्यांचे तुकडे झालेले आहेत. मोटारींच्या धडकेनें व मोकाट कुत्र्यांमुळें पक्षी मरतात. त्यांतच प्रवासी कौतुकानें त्यांस फळें देतात. मग पक्ष्याची भीड चेपते, तो फळाच्या आशेनें रस्त्यावर येऊन उभा राहतो आणि एके दिवशीं चाकाखालीं सांपडतो. म्हणूनच त्यास खाऊ घालणें हा तेथें कायद्यानें गुन्हा आहे.

“मग त्यानें उपाशी मरावें काय?” असें कोणी विचारील. २००६ व २०११ सालच्या चक्रीवादळांनीं झाडांवरील फळें झडून गेलीं, तेव्हां सरकारी वनरक्षकांनींच रस्त्यांपासून दूर, अरण्यांत फळें ठेविलीं. तें साहाय्य संकटापुरतें व विचारपूर्वक होतें. मोटारींतून फेकलेलें केळें तसें नव्हे.

आमच्या मतें या पक्ष्यास हवें आहे तें सलग वन, त्याच्या तुकड्यांस जोडणारी झाडी, सावकाश हांकलेली मोटार आणि बांधलेला कुत्रा. हें देणें केळें देण्याहून कठीण आहे, कारण त्यांत पक्षी आपल्या हातून खातो हें पाहण्याचें सुख नाहीं. आपल्या घाटांतही मोटारी थांबवून माकडांस शेंगा फेकणारे पुष्कळ आहेत. विद्यार्थी मित्रहो, असा प्रसंग आल्यास क्षणभर थांबून स्वतःस विचारा: यांत सुख कोणाचें, आणि धोका कोणास? ज्या कृत्यांत सुख आपलें व मरण प्राण्याचें, ती दया नव्हे. ती केवळ हौस होय.