परदेशातील नोकरी आणि समुद्राकाठचा शेजार

आपल्या भागातील डॉक्टर परदेशी निघाला म्हणजे इंग्लंड, अमेरिका किंवा आखाती देश अशीच आपली समजूत असते. या यादीत गेल्या काही दशकांत मालदीवची भर पडली आहे. १९९५ साली भारताच्या साहाय्याने माले येथे इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय उभे राहिले. आज राजधानीपासून दूरच्या बेटांपर्यंत अनेक भारतीय डॉक्टर आणि परिचारिका तेथे काम करतात. मीही दोन वर्षे तेथे बालरोगतज्ज्ञ म्हणून होतो. म्हणून तिकडे निघालेले तरुण सहकारी सल्ला घ्यायला येतात. पगार किती, रजा किती, शिल्लक किती उरते, हे तीन प्रश्न ठरलेले असतात. ते रास्तच आहेत. परंतु तेथे राहायचे कसे, हा चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटे आहेत आणि त्यांपैकी जेमतेम दोनशेंवर लोकवस्ती आहे. दिनदर्शिकेवर दिसणारी पाण्यावरची कुटिरे असतात ती पर्यटनासाठी राखलेल्या बेटांवर. १९७२ पासून हा व्यवसाय तेथे वाढला. डॉक्टरची नेमणूक होते ती मात्र लोकवस्तीच्या बेटावर. तेथे मद्य मिळत नाही, पोशाखाची मर्यादा पाळावी लागते आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी बाजारपेठ बंद असते. चित्रातला किनारा मनात ठेवून गेलेला माणूस येथे महिन्याभरात कंटाळतो आणि मग खोलीत बसून रजेचे दिवस मोजू लागतो.

खरे तर मौज तेथेच आहे, फक्त ती शेजाराच्या वाटेने येते. मी होतो ते हिताधू गाव विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, अड्डू या प्रवाळद्वीपांच्या कड्यात आहे. शेजारच्या गान बेटावर १९७६ पर्यंत ब्रिटिशांचा विमानतळ होता. सूर्य तेथे बाराही महिने सहाच्या सुमारास मावळतो. त्या वेळी घराबाहेर आणि किनाऱ्यावर दोरीच्या जाळीने विणलेल्या खुर्च्यांवर मंडळी विसावतात. या खुर्चीला ‘जोआली’ म्हणतात. चहाबरोबर माशाचे सारण भरलेले तळलेले पदार्थ येतात. न्याहारीला ‘मस हुनी’ असते, म्हणजे टुना मासा, ओले खोबरे, कांदा, मिरची आणि लिंबू यांची कालवण केलेली कोशिंबीर. तिच्यासोबतची ‘रोशी’ म्हणजे आपली पोळीच. आपल्यातील शाकाहारी मंडळींची पंचाईत होते हे खरे. पण डॉक्टर मासे खात नाहीत हे एकदा कळले, की शेजारीण मासा न घालता खोबऱ्याची वाटी वेगळी काढून ठेवते. असे आतिथ्य पंचतारांकित बेटावर विकत मिळत नाही.

या शेजाराचे दार भाषेने उघडते. दिवेही भाषा उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, त्यामुळे ती अगदी परकी वाटते. प्रत्यक्षात ती आपल्या मराठीच्याच भाषाकुळातील आहे आणि आपल्या लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावरही तिचेच एक रूप बोलले जाते. तिच्यातला ‘मस’ म्हणजे आपला मासा, दुधाला शब्द ‘किरु’, म्हणजे संस्कृत क्षीर, आणि तापाला ‘हुन्’, ज्याचे मूळ आपल्या उन्हाप्रमाणेच ‘उष्ण’ या शब्दात आहे. ‘हालु किहिने?’ असे विचारले, की आपल्या ‘हालहवाल’ची आठवण होते. बालरोगतज्ज्ञाला तर हे शब्द औषधाइतकेच उपयोगी आहेत. मूल स्वतः काही सांगत नाही, सांगते ती आई. तिचे बोलणे दुभाष्या परिचारिकेच्या तोंडून आले म्हणजे त्यातला निम्मा तपशील गळतो.

येथे प्रश्न केवळ डॉक्टरच्या मौजेचा राहत नाही. थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण जगात ज्या देशांत सर्वाधिक आहे, त्यांत मालदीव येतो. अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि शरीरात साचणारे लोह काढण्याचे औषध वर्षानुवर्षे चालवावे लागते. कराराचे वर्ष संपताच डॉक्टर बदलत राहिले, तर त्या मुलाला दरवेळी नव्या माणसापुढे पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. जो डॉक्टर गावात रमतो तो करार वाढवतो; जो रमत नाही तो निघून जातो आणि त्याची किंमत मूल मोजते.

अडचणी नाहीत असे नाही. मुलांचे शिक्षण, म्हाताऱ्या आईवडिलांची काळजी, खवळलेल्या समुद्रात अत्यवस्थ रुग्णाला नावेने हलवण्याचा प्रसंग, लहान बेटावर एकट्या डॉक्टरवर पडणारा भार, हे सारे खरे आहे. कोणी लवकर परतला तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र आपण मागासांवर उपकार करायला निघालो आहोत, ही भावना येथेच ठेवून जावी. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने या देशाला मलेरियामुक्त घोषित केले. दक्षिण-पूर्व आशिया विभागात हा मान मिळवणारा तो पहिला देश होता. २०२४ च्या जानेवारीत दोन्ही देशांतील लोक समाजमाध्यमांवर एकमेकांना दूषणे देत होते. त्यांतल्या किती जणांनी एकमेकांच्या घरचा चहा घेतला असेल?

हुबळी-धारवाडच्या मराठी माणसाला ही शिकवण नवी नाही. आपल्या वाडवडिलांनी घरात मराठी जपली आणि दाराबाहेर कन्नड आपलीशी केली. धारवाडच्या ज्या घरात मराठी बोलली जाई, त्याच घरातून द. रा. बेंद्रे यांच्यासारखा कन्नडचा वरकवी घडला आणि १९७३ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचा मानकरी झाला. आपणही रोज रुग्णाच्या आईशी तिच्या भाषेत बोलतो. तीच सवय बेटावर न्यावी, एवढेच माझे सांगणे आहे. पहिल्या महिन्यात पन्नास शब्द शिकावेत, संध्याकाळी खोलीचे दार उघडे ठेवावे, आणि परतण्यापूर्वी दीर्घ आजाराच्या प्रत्येक मुलाच्या कागदांत पुढच्या डॉक्टरसाठी सविस्तर टिपण लिहून ठेवावे. समुद्राची मौज या तीन गोष्टींबरोबर आपोआप येते.