पुडी एक, पाणी एक लिटर

लोणंद, तरडगाव मागे टाकून माउलींची पालखी फलटणला येते, विमानतळाच्या मैदानावर तळ पडतो आणि चालून शिणलेली माणसं दवाखान्याच्या तंबूत डोकावतात. ‘डॉक्टर, एक सलाइन लावा’ ही मागणी काही वारीपुरती नाही, गावोगावची आहे. बाटली चढली की तरतरी येते, हा समज पक्का आहे. जरा हिशोब मांडून पाहावा.

साठ किलोच्या माणसाच्या अंगात साधारण 36 लिटर पाणी असतं. त्यातलं 24 लिटर पेशींच्या आत, 12 बाहेर; आणि या बारातलंही जेमतेम 3 लिटर रक्तवाहिन्यांत. सलाइन पेशींत शिरत नाही, बाहेरच पसरतं. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीतलं सव्वाशे मिली रक्तात उरतं. वर साडेचार ग्रॅम मीठ. शुद्धीवर असलेल्या, उलट्या होत नसलेल्या माणसाला एवढं तोंडानेही देता येतं. (उष्माघाताने भान हरपलेल्याची गोष्ट निराळी, त्याला आधी थंड करावं लागतं.)

तोंडाने म्हणजे ओआरएस. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो जीव वाचवले.

पण ओआरएसच्या पुडीचंही गणित आहे. रक्तात दर लिटरला सुमारे 290 मिलिऑस्मोल विरघळलेले कण असतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 मध्ये ओआरएसमधलं हे प्रमाण 311 वरून 245 वर आणलं, कारण थोडं पातळ द्रावण आतड्यातून चांगलं शोषलं जातं. आता एक लिटरची पुडी कुणी पाव लिटरच्या पेल्यात ढवळली, तर आकडा जातो 980 वर, रक्ताच्या तिपटीहून जास्त. असं पाणी अंगात जायचं सोडून अंगातलंच पाणी आतड्यात ओढतं. जुलाब असलेल्या पोराला तर हे भलतंच महागात पडतं. 200 मिलीच्या छोट्या पुड्याही मिळतात, त्यामुळे घोटाळा वाढतो.

नावाला ओआरएस आणि आत गोड सरबत, हा खेळ अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये बंद केला, तेही उशिरानेच. पाण्याच्या मापाकडे मात्र कुणाचं लक्ष नाही. पालखीतळावर पुड्या फुकट वाटणाऱ्या मंडळांनी सोबत लिटरची खूण असलेली बाटली द्यावी, आणि ‘पुडी पूर्ण, पाणी पूर्ण’ एवढं मराठीत ठळक छापावं. खर्च सलाइनच्या बाटलीहून जास्त येणार नाही.