अब्बांना हसणं बंद करा

गेल्या बकरी ईदला पिंगळीच्या घरी, सगळ्यांसमोर, मी अब्बांची टिंगल केली. त्यांनी घरच्या ग्रुपवर फुकट रिचार्जचा कसलासा मेसेज पुढे ढकलला होता. "अब्बा, तुमकू तो कोई बी फसाता," मी म्हणालो. भाचे हसले, अम्मी हसली, अब्बाही हसले.

नोव्हेंबरमध्ये सोयाबीनचे पैसे खात्यावर आले आणि त्याच आठवड्यात गावच्या शेतकरी ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल आली. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आली, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेला होता. अब्बांनी ती दाबली. तीन हप्त्यांत ४६ हजार रुपये गेले. मला कळलं नवव्या दिवशी, तेही अम्मीकडून. "पोराला सांगू नको, हसेल," असं तिला बजावलं होतं.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. बाहेरून आलेलं ॲप अँड्रॉइड फोन सहजासहजी बसवू देत नाही. व्हॉट्सॲपला तशी परवानगी द्यावी लागते, सेटिंगमध्ये एक स्विच आहे. अब्बांच्या फोनमध्ये तो चालू होता. कुणी केला? मीच. दोन वर्षांपूर्वी हौसेने नमाजच्या वेळांचं एक ॲप बनवलं होतं, ते व्हॉट्सॲपवर पाठवून मीच बसवून दिलं. स्विच बंद करायचा राहिला. म्हणजे किल्ली कुलपालाच ठेवून मी पुण्याला निघून आलो. पुढे त्या खोट्या ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, अब्बांनी दिली, आणि प्रत्येक ओटीपी चोराकडे जात राहिला. इंजिनिअर मुलाची चूक, आणि मान खाली बापाची.

म्हणून 'लोभ नडला' हे वाक्य मला ऐकवत नाही. सरकारी योजनेचा हप्ता बघणं हा लोभ आहे का? आणि 'म्हाताऱ्यांच्या हातातून स्मार्टफोन काढूनच घ्या' म्हणणाऱ्यांना काय सांगू! ज्या माणसाने घर उभं केलं, त्याला स्वतःच्या पैशांसाठी पोरापुढे हात पसरायला लावणं ही दुसरी लूटच आहे, फक्त घरातली.

चोर लोभापेक्षा भीतीवर जास्त जगतात. आपल्या मोहल्ल्यांत तर ती आयतीच मिळते. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये तेच सांगितलं. तरी अंबाल्याच्या एका वृद्ध दाम्पत्याला सुप्रीम कोर्टाचेच बनावट आदेश दाखवून एक कोटीहून जास्त रुपयांना लुटलं. कोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ ला तपास सीबीआयकडे दिला. आता विचार करा, आपल्या एखाद्या चाचांना फोन आला की 'तुमच्या आधारवर टेरर फंडिंग झालंय', तर ते शेजाऱ्याला सांगतील? पोलीस चौकीत जातील? दार लावून पैसे भरतील. पोलिसांविषयीची ही धास्ती का आहे, तो वेगळा लेख आहे. पण चोराला ती पाठ आहे.

दुसरी गोष्ट भरवशाची. बेंगळुरूची आयएमए २०१९ मध्ये बुडाली. 'व्याज नाही, नफ्यात वाटा' असं म्हणत जमवलेल्या ठेवी हजारो कोटींच्या घरात होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी हैदराबादच्या हीरा गोल्डच्या प्रमुख नौहेरा शेख यांना अटक झाली होती. पेन्शनची, मुलीच्या लग्नाची, हजसाठी साठवलेली रक्कम लोकांनी अशा ठिकाणी टाकली. नाव हलाल आहे म्हणून ताळेबंद विचारायचा नाही, हे कुठे लिहिलंय? आणि घरातल्या शिकलेल्या पोरांनी तरी कुठे विचारला?

मला सगळ्यात जास्त खटकतात ते नऊ दिवस. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवत असतात. पहिल्या तासा-दोन तासांत तक्रार झाली तर ते वाटेत गोठवता येण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियमही असा आहे की चूक ग्राहकाची असली, तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. म्हणजे पहिला हप्ता गेल्या गेल्या अब्बा बोलले असते तर पुढचे दोन कदाचित वाचले असते. ते बोलले नाहीत, कारण ईदला मी हसलो होतो. नवव्या दिवशी आम्ही १९३० ला फोन लावला, तक्रार क्रमांक मिळाला. पैसे केव्हाच एटीएममधून निघाले होते.

गावी जाल तेव्हा तो स्विच आधी बघा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून द्या, म्हणजे अंगठ्यावर परस्पर पैसे निघणार नाहीत. मात्र रेशन-पेन्शनला अंगठा लागतो, तेव्हा लॉक उघडायचं कसं हेही बसून शिकवा. आपण पुण्या-मुंबईत बसणार, म्हणून गावातच राहणारं कॉलेजचं एखादं पोरगं गाठून ठेवा. कसलाही फोन आला की अर्ध्या रात्री त्याच्याकडे जायचं.

मागच्या महिन्यात जुम्यानंतर मशिदीत पाच मिनिटं मागून घेतली आणि अब्बांना विचारून त्यांचीच गोष्ट सांगितली, माझ्या हसण्यासकट. अब्बा पहिल्या सफमध्ये बसले होते. बाहेर चपला घालताना तीन बुजुर्ग फोन हातात घेऊन थांबले. दोघांचा स्विच चालू निघाला. तिसऱ्यांनी मला बाजूला नेलं. त्यांचे आठ हजार दिवाळीतच गेले होते, घरी अजून कुणाला माहीत नव्हतं.