विमा कंपनीच्या दप्तरातील भयकथा

पेढी बंद पडली की गोदामातील माल विकला जातो, जागा दुसऱ्याच्या ताब्यात जाते, आणि पेढीचे नाव कोणाच्या वाट्याला आले हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे लोंबकळत राहतो. हा अनुभव आपल्याला नवा नाही. परंतु एका संगणकीय खेळाची हीच गत झाली आणि त्याचे स्वामित्वहक्क चक्क एका विमा कंपनीच्या दप्तरात जाऊन पडले, हे वाचले तेव्हा त्या खेळाविषयी मला प्रथम कुतूहल वाटले. खेळाचे नाव ‘सिस्टम शॉक २’.

१९९४ साली आलेल्या विज्ञानकथात्मक खेळाचा हा उत्तरभाग ऑगस्ट १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. लुकिंग ग्लास या जुन्या संस्थेने आणि तिच्यातूनच बाहेर पडलेल्या तरुणांच्या इर्रॅशनल गेम्सने तो मिळून घडविला. आराखड्याची मुख्य जबाबदारी केन लेव्हीन यांची. साल २११४. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारे ‘व्हॉन ब्राउन’ हे जहाज पृथ्वीपासून फार दूर आहे. नायक शीतनिद्रेतून जागा होतो तेव्हा त्याला काही आठवत नाही, आणि जहाजावर एका परजीवी सामूहिक मनाचा कब्जा झालेला असतो. बाधित झालेले खलाशी अंगावर धावून येतात आणि त्याच वेळी ‘पळ’ म्हणून विनवितात. शरीर शत्रूचे झाले आहे, पण आत कोठेतरी माणूस शिल्लक आहे, ही जाणीव रक्तपातापेक्षा अधिक भेदक ठरते. (खेळ अमेरिकेत सतरा वर्षांवरील वयासाठीच होता, घरातील लहानांच्या हाती तो देऊ नये, हे सांगितलेच पाहिजे.)

या खेळाचे खरे सामर्थ्य कानाचे आहे. मृत प्रवाशांनी मागे ठेवलेल्या ध्वनिमुद्रित नोंदी जहाजभर विखुरलेल्या असतात. कोणी वरिष्ठांवर संशय घेतो, कोणी आजाराची लक्षणे लपवितो. टॉमी आणि रिबेका या प्रेमिकांची सुटकेची धडपड तर आपण केवळ नोंदींतूनच, नेहमी त्यांच्यामागे काही पावले राहून, अनुभवतो. आणि शोडान! पहिल्या भागातील त्या उन्मत्त यंत्रबुद्धीला टेरी ब्रोशियस यांनी दिलेला अडखळता, चढत-उतरत जाणारा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. तो कोठे आणि कसा प्रकट होतो, हे मी फोडणार नाही. खेळातील धडधडते संगीत मात्र या शांत भीतीला मारक आहे. ते बंद करून खेळावे.

जहाजावरील चलनाला ‘नॅनाइट’ म्हणतात. भिंतीतील विक्रीयंत्रांतून त्याच्या मोबदल्यात गोळ्या आणि औषधे मिळतात. यंत्राची कळ फिरविण्याचे कौशल्य असेल तर भाव खाली येतो. प्रत्येक दालनात जमा-खर्चाचा विचार करावा लागतो, आणि हा विचार चालू असताना खेळ थांबत नाही. पिशवीत हात घातलेला असतानाच पाठीमागून पावले वाजतात.

दोष आता. शस्त्रे झिजतात, थोड्याशा वापराने पिस्तूल अडकते आणि अखेर निकामी होते. टंचाईतून भीती निर्माण करण्याची युक्ती योग्यच, पण ताऱ्यांपर्यंत पोहोचलेल्या युगातील लष्करी हत्यार एवढे कच्चे असावे, हे मनाला पटत नाही. साफ केलेल्या दालनांत शत्रू पुन्हा पुन्हा उगवतात, तेही त्रासदायक. खेळाडूंच्या तक्रारींनंतर निर्मात्यांनी दुरुस्ती काढून या दोन्हींना आवर घालण्याची सोय दिली. ‘थीफ’ या खेळासाठी बांधल्या जात असलेल्या अपुऱ्या यंत्रणेवरच हा डोलारा उभारला गेल्याने आकृत्या त्या काळाच्या मानानेही ओबडधोबड दिसतात. शेवटचा भाग तर घाईने उरकल्यासारखा आहे.

समीक्षकांनी वाखाणलेला हा खेळ विक्रीत मात्र फिका पडला. २००० च्या मे महिन्यात लुकिंग ग्लास बंद पडली. नावाचा व्यापारचिन्ह-हक्क प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे, तर मूळ कृतीचा हक्क स्टार इन्शुअरन्स या विमा कंपनीकडे, अशी वाटणी झाली. एकाजवळ पाटी, दुसऱ्याजवळ माल. दुकान उघडणार कोण? तिसरा भाग निघेना, तेव्हा लेव्हीन यांनी तीच कल्पना नव्या नावाने मांडली आणि २००७ साली ‘बायोशॉक’ आला. दरम्यान जुना खेळ नव्या बहुगाभा संगणकांवर चालेनासा झाला.

२०१२ मध्ये टोपणनावाने वावरणाऱ्या एका अज्ञात व्यक्तीने त्याची मोफत दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्याच सुमारास प्रवासात असलेल्या स्टीफन किक यांना हा खेळ आपल्या लॅपटॉपवर चालेना, म्हणून त्यांनी हक्क कोणाकडे आहेत याचा शोध घेतला आणि थेट विमा कंपनीशी बोलणी केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये खेळ पुन्हा विक्रीस आला. त्यातूनच नाइटडाइव्ह ही संस्था उभी राहिली, आणि तिने २०२५ साली त्याची सुधारित आवृत्तीही काढली.

मी खेळलो ती २०१३ ची आवृत्ती. तिच्यातील एका साध्या मजकूर-फायलीत शस्त्रांच्या झिजेचा आकडा असतो. तो शून्य केला की हत्यारे अक्षय होतात. दोन रात्री विचार करून मी तो निम्म्यावर आणला.