बंदीचा ठराव आणि लेनची कैफियत

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला आणि कारंजा तालुक्यासह मौजे धनज बुद्रुकचे दफ्तर नव्या जिल्ह्याच्या कचेरीत रुजू झाले. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, ६ जुलै रोजी, जपानमधील टीव्ही टोकियो या वाहिनीवर, सभ्य गृहस्थ निजलेले असतात अशा अवेळी, ‘सीरियल एक्स्पेरिमेंट्स लेन’ या तेरा भागांच्या चित्रमालिकेचा पहिला भाग दाखवण्यात आला. या दोन घटनांचा एकमेकींशी अर्थाअर्थी काहीही संबंध नाही; परंतु लेखक चिआकी कोनाका आणि दिग्दर्शक र्यूतारो नाकामुरा यांनी तेव्हा जे केवळ कल्पनेच्या बळावर रंगवले, ते आज धनजच्या शिवारात रात्री जागलीला गेलेल्या पोराच्या हातात उजळलेले दिसते, म्हणून या मालिकेची दखल आपण घेणे मला अगत्याचे वाटते.

कथानायिका लेन इवाकुरा ही चौदा वर्षांची, मितभाषी, वर्गात असून नसल्यासारखी मुलगी. तिच्या शाळेतील एका मुलीने आत्मघात केलेला असतो, आणि त्यानंतर काही दिवसांनी त्याच मुलीच्या नावाने वर्गातील मुलींना संगणकावर पत्रे येऊ लागतात. मी केवळ देह टाकला आहे, बाकी मी येथेच आहे, असा त्या पत्रांचा मथितार्थ. ‘येथे’ म्हणजे ‘वायर्ड’ नामक मायावी जगात, आणि त्या जगाच्या ओढीने लेन हळूहळू अशी खेचली जाते की आपली खोली, आपले नाव, किंबहुना आपले अस्तित्व यांपैकी खरे कोणते याचाच निवाडा तिला करता येईनासा होतो. विजेच्या तारांचा अखंड गुणगुणाट, रस्त्यावरील पांढरेफटक ऊन, सावल्यांत पसरलेले विचित्र रंगाचे डाग, यांतून दिग्दर्शकाने जी उदासीनता उभी केली आहे ती लहान मुलांच्या पचनी पडणारी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. ही मालिका मुलांनी नव्हे, त्यांच्या वडीलधाऱ्यांनी पाहावी. सर्व भाग मिळून पाच तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आपण कशाकशात घालवतो हे सांगायला नको.

वडीलधाऱ्यांनी पाहावी असे म्हणण्यास सबळ कारण आहे. पहिल्याच भागात लेन वडिलांकडे नवा संगणक मागते. वडील अनेक पडद्यांच्या गराड्यात बसलेले आहेत. त्यांची नजर त्या पडद्यांवरच खिळलेली आहे, आणि माणसे एकमेकांशी जोडली जावीत म्हणूनच ही यंत्रे असतात, चांगले यंत्र असले की तुलाही मैत्रिणी मिळतील, असे ते मोठ्या उत्साहाने मुलीला समजावून देतात. जोडले जाण्याचे महत्त्व सांगणारा हा बाप स्वतः लेकीशी जोडलेला नाही. आईचे तर विचारूच नका. तिच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. पुढे कथेच्या ओघात, हे आईबाप म्हणजे जणू नेमून दिलेली चाकरी बजावणारी माणसे होती असे सूचित होते, आणि मुदत संपताच ती घर सोडून निघून जातात, तेव्हा प्रेक्षकास धक्का बसण्याऐवजी त्यात नवल ते काय असेच वाटते. दिग्दर्शकाने कैफियत यंत्राविरुद्ध मांडलेली नाही. तिचा रोख घराकडे आहे.

आता आपल्या शेजारी पाहू. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास मनाई करणारा ठराव केला. त्यामागील कळकळ मी नाकारीत नाही. करोनाच्या काळात शाळा बंद असताना ज्या बापाने पोटाला चिमटा काढून शिकण्यासाठी म्हणून फोन घेऊन दिला, त्यालाच पुढे त्या फोनपायी पोर हातचे जाताना दिसले, तर त्याने ग्रामसभेत दाद मागावी हे स्वाभाविक आहे. परंतु बंदीच्या फर्मानांची गत आपण पाहिलेली आहे. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जी हा खेळ बंद केला; तोच खेळ पुढल्या वर्षी नाव बदलून उजळ माथ्याने परत आला. सरकारचा अंमल जेथे चालला नाही तेथे ग्रामपंचायतीच्या शिपायाने काय करावे?

२०२२ सालच्याच १५ ऑगस्टपासून सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने जी वहिवाट सुरू केली ती मला अधिक शहाणपणाची वाटते. तेथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद होतात; पोरांचे तर होतातच, पण मालिका पाहणाऱ्या आईचा टीव्ही आणि चावडीवर मान खाली घालून बसलेल्या बापाचा फोनही त्यातून सुटत नाही. बांशीचा नियम फक्त मुलांना बांधतो, वडगावचा नियम घराला बांधतो, आणि माझ्या मते सारा फरक येथेच पडतो. ज्या नियमातून तो करणारा स्वतःला वगळतो, त्याला मुले मनोमन जप्तीची नोटीस समजतात व पळवाट शोधू लागतात. दीड तासाने सारे प्रश्न सुटतील असे वडगावकरही म्हणणार नाहीत. पण त्या अवधीत घरात कोण कोणाशी बोलते, हे तरी उघडे पडते.

मालिकेच्या अखेरीकडे लेनची मैत्रीण अलिस, तारांच्या आणि यंत्रांच्या जंजाळात हरवलेल्या लेनकडे भीतीने थरथरत येते, तिचा हात घेऊन आपल्या छातीवर ठेवते आणि धडधडणारे काळीज तिला जाणवू देते. तेरा भागांत कोणी लेनला मनापासून जवळ घेतले असेल तर ते या मैत्रिणीने, आईबापाने नव्हे. धनजमध्येही फोन घेतलेल्या पोराला, त्यात काय पाहतोस, कोणाशी बोलतोस, असे दरडावून नव्हे तर शेजारी बसून विचारणारे किती जण आहेत? चार्जिंग किती उरले आहे याची चौकशी मात्र घरोघर होते.

म्हणून धनजच्या ग्रामस्थांना माझी विनंती आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मोबाइलचा विषय निघाला, आणि तो निघावाच, तर मुलांवर बंदी घालणारा ठराव आणू नये. संध्याकाळचा एक तास प्रत्येक घरातील थोरांनी आपले फोन बाजूला ठेवावेत असा ठराव आणावा, आणि त्याखाली पहिल्या सह्या सरपंचांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी कराव्यात.