इफ लिहिण्याआधी थोडं थांबा

सी शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी वीजबिलाचा प्रोग्राम लिहिलेला असतो. डिप्लोमा असो की इंजिनिअरिंग, प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये तो हमखास सापडतो. पहिली १०० युनिट एका दराने, पुढची २०० दुसऱ्या, त्यापुढची २०० तिसऱ्या आणि ५०० च्या वर चौथ्या. आपण इफ, एल्स-इफ, पुन्हा एल्स-इफ आणि शेवटी एल्स अशा चार फांद्या लिहितो. उत्तर बरोबर येतं, सर सही करतात, जर्नल मिटतं.

तो प्रोग्राम पुन्हा उघडा आणि त्यात दर किती ठिकाणी लिहिलेत ते मोजा. पहिल्या फांदीत एक दर, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीत चार. चार दरांसाठी दहा जागा. पहिला दर बदलला की चार ठिकाणी हात घालायचा. त्यातली एक जागा राहिली तरी कंपायलर चकार शब्द काढणार नाही, फक्त काही घरांची बिलं चुकतील. दरांना वर एकदाच नाव दिलंत, तर आकडे एका जागी येतात हे खरं. पण टप्प्यांच्या सीमा आणि गुणाकार तसेच विखुरलेले राहतात आणि पाचवा टप्पा आला की सगळी साखळी पुन्हा उसवावी लागते.

त्याऐवजी एक स्ट्रक्ट करा. त्यात दोनच गोष्टी ठेवा: टप्प्यात किती युनिट मावतात आणि त्यांचा दर काय. अशा चार ओळींचा अ‍ॅरे करा आणि शेवटच्या टप्प्याची मर्यादा म्हणून खूप मोठा आकडा घाला. मग एक लूप पुरतो. उरलेली युनिट आणि टप्प्याची मर्यादा यांतलं जे लहान असेल ते घ्या, दराने गुणा, बेरजेत मिळवा, उरलेल्यातून वजा करा आणि काही उरलं नाही की थांबा. पाचवा टप्पा आला तर अ‍ॅरेत एक ओळ वाढेल, लूपला हात लावावा लागणार नाही. शिवाय आता दरपत्रक कागदावर असतं तसंच कोडमध्ये दिसतं. ज्याला सी येत नाही असा माणूसही ते ताडून पाहू शकतो. मला हा फायदा सर्वांत मोठा वाटतो.

कोड गुंतला की आपण कोडशीच झटापट करत बसतो, पण दुखणं बहुतेक वेळा माहितीच्या मांडणीत असतं. हे सांगणारा मी पहिला नाही. फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात आणि बेल लॅब्जमधल्या रॉब पाइक यांनी १९८९ च्या सीवरच्या टिपणात हाच आग्रह धरला होता. तरीही आपण वर्गात इफ आणि लूप आधी पक्के करतो आणि स्ट्रक्ट अभ्यासक्रमाच्या शेवटाकडे कसाबसा उरकतो.

कर्निघन आणि रिची यांचं सीवरचं पुस्तक तुमच्या कपाटात असेल, तर त्यातलं वर्षातला कितवा दिवस ते काढणारं फंक्शन पाहा. तिथे महिन्यांच्या दिवसांचं दोन ओळी आणि तेरा रकान्यांचं टेबल आहे. एक ओळ साध्या वर्षाची, दुसरी लीप वर्षाची. रकाने बारा हवेत, पण शून्याचा रकाना मोकळा सोडलाय, म्हणजे जानेवारी १ आणि डिसेंबर १२ असा आपला रोजचाच हिशेब चालतो, एक वजा करायची कटकट उरत नाही. वर्ष लीप आहे का, याचं सीमधलं उत्तर ० किंवा १ येतं आणि तेच उत्तर ओळीचा क्रमांक म्हणून वापरलंय. फेब्रुवारीसाठी वेगळा इफ कुठेही नाही.

आता लिंक्ड लिस्ट. तिच्यातून एक नोड काढताना आपण मागचा नोड लक्षात ठेवत पुढे सरकतो. हवा तो नोड सापडला की मागच्याचा दुवा पुढच्याला जोडतो. पहिलाच नोड काढायचा असेल तर मागे कोणीच नसतं, म्हणून हेड बदलायला एक वेगळा इफ लागतो आणि परीक्षेत निम्मी मुलं नेमका तोच विसरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१६ मध्ये टेडच्या मंचावरच्या मुलाखतीत हेच उदाहरण दाखवलं होतं. ज्या पॉइंटरमध्ये नोडचा पत्ता लिहिलेला आहे, त्या पॉइंटरचाच पत्ता हातात ठेवायचा. मग तो पॉइंटर हेड असो की एखाद्या नोडमधला नेक्स्ट, काम एकच राहतं: त्यात पुढचा पत्ता लिहायचा.

लिनक्सच्या कर्नलमधली यादी याच्याही पुढे जाते. ती गोल असते, दोन्ही बाजूंनी जोडलेली असते आणि तिचं हेड हाही साखळीतलाच एक दुवा असतो. यादी रिकामी असेल तर हेडचे दोन्ही पॉइंटर हेडकडेच वळलेले असतात. त्यामुळे प्रत्येक नोडला मागे कोणीतरी असतं आणि पुढेही. नोड काढताना नल तपासायची वेळच येत नाही.

एक चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका निकालाच्या कामात नावं, हजेरी क्रमांक आणि गुण असे तीन वेगळे अ‍ॅरे ठेवले होते. गुणांनुसार क्रम लावताना नावं आणि गुण हलवले, क्रमांक हलवायचे राहिले. छापण्याआधी एका शिक्षकांच्या नजरेला पडलं म्हणून निभावलं, नाहीतर मुलांचे निकाल भलत्याच क्रमांकांवर गेले असते. तिन्ही गोष्टी एका स्ट्रक्टमध्ये असत्या, तर विद्यार्थी अख्खा हलला असता आणि अशी चूक होऊच शकली नसती.

फ्लॅगचंही तसंच. जोडलंय, वाट पाहतोय, बिघडलंय, बंद झालंय असे चार फ्लॅग ठेवलेत की सोळा जोड्या तयार होतात. खऱ्या अवस्था चारच असतील, तर एक इनम ठेवा. उरलेल्या बारा निरर्थक जोड्या तपासत बसू नका.

दोनच शक्यता आहेत आणि त्या बदलणार नाहीत, तिथे साधा इफच चांगला. त्यासाठी टेबल मांडू नये. आणि टेबल केलंत तरी सी अ‍ॅरेची सीमा तपासत नाही, हे विसरू नका. महिन्याचा आकडा भलताच मोठा आला तर फंक्शन टेबलाबाहेरचं काहीतरी वाचेल. बाहेरून येणारी माहिती दारातच तपासून घ्या.

तेव्हा तुमचं सर्वांत जास्त इफ असलेलं एक फंक्शन निवडा. कीबोर्ड बाजूला ठेवा आणि कागदावर रकाने आखा: काय बदलतं, काय कायम राहतं, कोणत्या गोष्टी नेहमी एकत्र हलतात. त्यावरून स्ट्रक्ट लिहा आणि मग फंक्शन नव्याने. जुन्या आणि नव्या फंक्शनला तेच आकडे द्या, विशेषतः सीमेवरचे. वीजबिल असेल तर ०, १००, १०१, ३००, ३०१, ५०० आणि ५०१ युनिट. सगळी उत्तरं जुळली की जुनं फंक्शन खोडा.

आणि शिक्षकांना विनंती, की जर्नलवर सही करण्याआधी मुलांना एवढं जरूर विचारा: उद्या पाचवा टप्पा आला, तर तुझ्या किती ओळी बदलतील?