डिस्चार्ज कार्डावर चिकटद्रव्याचे नाव हवे

शस्त्रक्रियेची जखम मिटवण्यासाठी टाक्यांऐवजी किंवा टाक्यांवरून जे चिकटद्रव्य त्वचेला लावले जाते, त्याचे नाव प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिणे सक्तीचे व्हावे, आणि ही गरज चंद्रपूर जिल्ह्यातील सावलीसारख्या तालुक्यांत शहरांहून अधिक आहे.

हे द्रव्य म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. तुटक्या वस्तू जोडणारे फेविक्विक याच कुळातले असले, तरी जखमेसाठी त्याचा निर्जंतुक आणि त्वचेला कमी जाचक असा वेगळा प्रकार वापरतात. अशा एका प्रकाराला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये मान्यता दिली. त्वचेच्या ओलाव्याने ते क्षणात घट्ट होते, जखमेच्या कडा धरून ठेवते आणि ५ ते १० दिवसांत आपोआप सुटते, त्यामुळे टाके काढण्याची खेप आणि त्या दिवसाची मजुरी वाचते. म्हणून विरोध या द्रव्याला नाही, त्याच्या नोंदीविना होणाऱ्या वापराला आहे.

काही थोड्या रुग्णांत शरीराची प्रतिकारयंत्रणा या द्रव्यावर उलटते आणि ते जिथे लागले तिथे तीव्र खाज, लाली व पाणीदार फोड उठतात. यालाच स्पर्शजन्य अ‍ॅलर्जी म्हणतात. पहिल्या संपर्कानंतर ती अनेकदा आठवडाभराने किंवा त्याहून उशिरा दिसते, पुढच्या वेळी मात्र एक-दोन दिवसांतच. शस्त्रक्रिया गडचिरोलीत किंवा चंद्रपुरात होते, लाली मात्र रुग्ण गावी परतल्यावर उठते, आणि तेथील डॉक्टरांना जखमेवर काय लावले होते हे ठाऊक नसल्याने तिला संसर्ग समजून प्रतिजैविके दिली जाण्याचा धोका राहतो. वाढत्या वेदना, पू आणि ताप संसर्गाकडे बोट दाखवतात, तर द्रव्य लागले तेवढ्याच भागात उठलेली खाज व पुरळ अ‍ॅलर्जीकडे. तिच्यावरचा उपाय म्हणजे उरलेला पापुद्रा काळजीपूर्वक काढणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टेरॉइडचे मलम लावणे. संसर्ग आणि अ‍ॅलर्जी दोन्ही एकाच वेळी असू शकतात, म्हणून निर्णय डॉक्टरांनीच करावा. पण त्यासाठी आधी माहिती त्यांच्या हाती हवी.

जंगलपट्ट्यातील लोकांना हा प्रकार नवा नाही, कारण बिब्ब्याचे तेल लागून अंग सुजते आणि फोड येतात तेव्हा ‘बिब्बा उतला’ असे येथे सहज म्हटले जाते. बिब्ब्याचे तेल त्वचेला भाजते, शिवाय त्यातील घटकांमुळे अ‍ॅलर्जीही होते. दोन्ही द्रव्ये वेगळी असल्याने ज्याला बिब्बा उततो त्याला चिकटद्रव्यही उतेल असे मुळीच नाही; तरीही ‘हे औषध एखाद्याला बिब्ब्यासारखे उतू शकते, खाज सुटली तर लगेच दाखवा’ एवढे त्याच शब्दांत सांगितले, तर निरक्षर रुग्णालाही ते नेमके कळेल.

म्हणून आरोग्य विभागाने कार्डावर द्रव्याचे नाव व लावल्याची तारीख यांसाठी एक रकाना ठेवावा, आणि ज्याला एकदा अ‍ॅलर्जी झाली त्याच्या कार्डावर तशी कायमची नोंद करावी, कारण पुढच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्या रुग्णाचे रक्षण करणारे दुसरे काहीही त्याच्या हाती नसेल.

एक वाचक,
सावली, जि. चंद्रपूर